पाना कुणाच्या हातात?

‘बायकांना गाडी चालवता येते, पण गाडीतलं काही कळत नाही.’ हे वाक्य नवऱ्यांच्या तोंडी असतं, गॅरेजवाल्यांच्या तोंडी असतं आणि आता ते बायांच्याही तोंडी रुळलं आहे. मी निफाड तालुक्यात बचत गटांचं आणि एकल महिलांचं काम करते, महिन्यातून दोनदा तरी ते माझ्या कानावर पडतं. त्यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं. मुलींना लहानपणापासून यंत्रापासून दूर ठेवतात, भावाच्या हाती सायकलचा पाना आणि बहिणीच्या हाती लाटणं देतात, म्हणून असं होतं. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्याची चर्चा आपल्या शिबिरांतून होत नाही. यंत्र कसं घडवायचं हेही कुणीतरी ठरवतं. झाकण कुठे ठेवायचं, ते साध्या पेचकसाने उघडेल की खास हत्यार लागेल, बिघाड डोळ्यांना दिसेल की कंपनीच्या कॉम्प्युटरलाच कळेल, या गोष्टी आकाशातून पडत नाहीत. त्या आराखड्याच्या टेबलावर ठरतात आणि त्या टेबलाशी आपल्यातली कुणी बसलेली नसते. गाडीतलं कळत नाही, याचं एक मोठं कारण हे आहे, की गाडीतलं कळू दिलेलंच नाही.

स्त्रीचळवळीच्या अंकात नट-बोल्टांचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. ते काम काय, हे आधी सांगते.

आमच्या गटांतून पूर्वी कर्ज निघायचं ते शेळीला, म्हशीला, शिलाई मशीनला. आता स्कूटरसाठी मागणी येते. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. त्या महिन्यांत जिच्याकडे स्वतःची गाडी नव्हती, तिचं जाणं-येणं दुसऱ्याच्या मर्जीवर येऊन ठेपलं. आशाताई, अंगणवाडी सेविका, द्राक्षबागेत बायांची टोळी नेणारी मुकादम, टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला प्रतवारीला जाणारी, ओझरला कामाला जाणारी मुलगी, यांच्यापैकी कुणालाच गाडी ही चैन नाही. मजुरीपर्यंतचं अंतर त्या गाडीने तुटतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घराबाहेर पडताना कुणाला विचारावं लागत नाही.

आता निफाडची थंडी तुम्हाला ऐकून माहीत असेल. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावर पारा ४-५ अंशांवर उतरल्याच्या बातम्या हिवाळ्यात पेपरात येतात. बागायतदार घड वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवतात, त्याचे फोटोही छापून येतात. त्याच पहाटे अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरची बॅटरी गारठलेली असते, याची बातमी होत नाही. पूर्वी बॅटरी उतरली तर किक मारून गाडी सुरू व्हायची. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले, बीएस-६ म्हणतात ते, आणि दुचाकींतून कार्बोरेटर गेला. आता बऱ्याच गाड्यांत पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंपच विजेवर चालतो. बॅटरी पार मेली तर किक असूनही फारसा उपयोग नाही. समोर एक पिवळा दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ काय, हे वाचणारं यंत्र गॅरेजवाल्याकडे असलं तर असतं, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर. बाईला फक्त दिवा दिसतो. काहीतरी बिघडलंय एवढं तो सांगतो, काय बिघडलंय ते तिला सांगत नाही.

मग ती काय करते? दिराला हाक मारते, शेजारच्या पोराला बोलावते, नवऱ्याला उठवते. गाडी ढकलत गॅरेजला नेते. तिथे मिस्त्री तिच्याशी बोलत नाही. ‘ताई, घरात कुणी असेल त्यांना फोन लावून द्या,’ म्हणतो. दिवसाची मजुरी बुडते, आणि संध्याकाळी पुन्हा ते वाक्य ऐकावं लागतं, की झेपत नाही तर गाडी घ्यायची कशाला?

इथवर त्रास म्हणू. याच्या पुढचा प्रकार गंभीर आहे. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. गटाच्या कर्जातून तिने स्कूटर घेतली होती आणि हप्ते तीच फेडत होती. नवऱ्याशी भांडण झालं, तिने माहेरी जाते म्हटलं. सकाळी गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन पकडत नव्हतं. नवरा म्हणाला, इंजिनात मोठा खर्च निघालाय, हंगाम झाला की बघू. सहा दिवस ती घरात आणि गाडी अंगणात. सातव्या दिवशी तिच्या मामेभावाने सीटखालचं झाकण काढून पाहिलं. प्लगवरची टोपी ओढून बाजूला ठेवलेली होती. दाबून बसवली, गाडी सुरू झाली. दोन बोटांचं काम.

मैत्रिणींनो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाची व्याख्या आहे. जी साधनं वापरण्याचा बाईला हक्क आहे ती वापरायला तिला अडवणं, हे त्यात बसतं. प्लगची टोपी काढणं हा आर्थिक छळ आहे, असं मी तिच्या अर्जात लिहिलं. पण तो छळ सहा दिवस टिकला तो एका झाकणामुळे. प्लग कुठे असतो हे तिला ठाऊक असतं आणि तो दिसेल अशा जागी असता, तर नवऱ्याची युक्ती सहा मिनिटं टिकली नसती. चाव्या लपवणं आपल्याला ओळखता येतं. ज्या यंत्राचं पोटच आपल्यापासून लपवलेलं आहे, त्यात कुणी काय केलं हे ओळखायचं कसं?

बायांना यंत्र कळत नाही, याचा खोटेपणा बघायचा असेल तर कुठल्याही गावात शिलाई मशीनशी बसलेल्या बाईकडे जा. धागा तुटायला लागला की ती ताण सैल करते, बॉबिन काढून फुंकर मारते, शटलमध्ये अडकलेला दोरा सुईने ओढते, पट्टा सैल झाला तर कापून पुन्हा जोडते, महिन्याला तेल घालते. तिला कुणी मेकॅनिक म्हणत नाही. ती सातवी शिकलेली असेल, नसेलही. तिला हे जमतं कारण ते काळं लोखंडी मशीन तिला जमू देतं. तेलाची भोकं वर आहेत, स्क्रू साधे आहेत, खालचा भाग बघायचा तर मशीन बिजागरीवर मागे कलंडतं. ज्याने ते आखलं त्याने गृहीत धरलं होतं, की वापरणारा माणूसच ते उघडणार. त्या गृहीतामुळे आपल्या लाखो बाया नकळत कारागीर झाल्या.

लूनाचंही थोडं तसंच होतं. किनेटिकने १९७२ साली काढलेली ती ५० सीसीची पायडलवाली गाडी. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत न्यायची. इंजिन उघडं, प्लग समोर. खेड्यात लसीकरणाला फिरलेल्या जुन्या नर्सबाईंशी मी बोलले आहे. पर्समध्ये प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा, काजळी धरली की रस्त्याकडेला काढून घासायचा आणि पुढे निघायचं, असं त्या सांगतात. चारचाकीत प्रीमियर पद्मिनी तशी होती. बॉनेट उचललं की पंख्याचा पट्टा, प्लग, रेडिएटर सगळं ओळीने दिसायचं आणि मध्ये हात घालायला जागा होती. आता काही मोटारींत पुढच्या दिव्याचा बल्ब बदलायचा तर बंपर सोडवावा लागतो. इंजिनावर काळ्या प्लास्टिकचं आणखी एक झाकण असतं.

जुनं ते सोनं, असं मला म्हणायचं नाही. त्या गाड्या धूर ओकत, वरचेवर बंद पडत आणि महामार्गालगतच्या झोपडीत राहणाऱ्या बाईच्या पोराच्या छातीत तो धूर जाई. कार्बोरेटर गेला त्याचं मला दुःख नाही. पण धूर कमी करायचा तर झाकण बंद करावं लागतं, हा हिशोब मला मान्य नाही. पेट्रोलचा फवारा कॉम्प्युटरने मोजावा, जरूर मोजावा. त्या कॉम्प्युटरला जे कळलं ते गाडीच्या मालकिणीला मराठीत सांगायला कुणाची आडकाठी आहे? मोबाइलवर बँकेचे मेसेज मराठीत येतात, मग गाडीचा बिघाड का येऊ नये?

आखणी बदलता येते का, यावर पुस्तकी वाद घालण्यापेक्षा आपल्या घरचं उदाहरण घेऊ. ते मोटारीचं नाही, हापशाचं आहे.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे महाराष्ट्रात गावोगाव बोअर खोदले गेले. त्यांवर जे हातपंप बसवले ते बिडाचे, एका कुटुंबाने वापरावे अशा बेताचे होते. सगळं गाव पहाटेपासून त्यांवर तुटून पडलं आणि ते मोडले. १९७० च्या दशकाच्या मध्याला देशात बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद होते. यावर उत्तर निघालं ते आपल्याकडेच. जालन्याच्या मिशनच्या विहीर-प्रकल्पात पोलादी पंप घडवला गेला, सोलापूरच्या वेल सर्व्हिसने तो आणखी पक्का केला. त्या सोलापुरी पंपाच्या पायावर सरकार आणि युनिसेफने १९७० च्या दशकाच्या अखेरीला ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. आज खेड्यात साखळीचा खडखड आवाज करणारा जो हापसा दिसतो, तो हाच. पुढे तो आफ्रिकेपर्यंत गेला. मजबुतीत त्याला तोड नव्हती.

पण त्याच्या पोटात एक गोम होती. खोल पाण्यात जो दट्ट्या वरखाली होतो त्याचं वॉशर झिजतं. ते झिजणारच, वहाणेचा अंगठा झिजावा तसं. मार्क टूमध्ये ते वॉशर बदलायचं तर जमिनीखालचे सगळे लोखंडी पाईप एकेक करून वर खेचावे लागतात. तिकाटणं उभं करायचं, शिकंजे लावायचे, चार-पाच गडी आणि सामान आणायला गाडी. म्हणून देखभालीची तीन पायऱ्यांची उतरंड तयार झाली. गावात एक राखणदार, त्याच्याकडे नट आवळायला पाना आणि साखळीला ग्रीस. त्याच्या वर तालुक्याचा मेकॅनिक. सगळ्यांत वर जिल्ह्याचं गाडीवालं पथक. वॉशर काही रुपयांचं, पण ते बदलायला जिल्ह्याहून गाडी यायची. ती येईपर्यंत हापसा बंद, आणि घागर घेऊन पुढच्या वाडीला चालत कोण जायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

मग आराखडा बदलला. १९८० च्या दशकात कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि ‘मार्क थ्री’ आला. बदल दिसायला किरकोळ होता. पाईप रुंद केला, ६५ मिलिमीटरचा. त्यामुळे दट्ट्या पाईपाच्या आतूनच वर ओढता येऊ लागला, पाईप जागेवरच राहतात. दोन माणसं आणि मोजके पाने, झालं काम. हेतूच मुळी हा होता, की गावाने गावातच दुरुस्त करावं. त्याच सुमाराला राजस्थानात बांसवाडा-डुंगरपूरकडे आदिवासी बायांना हातपंप मेकॅनिक म्हणून तयार केलं गेलं. १९९० च्या दशकाच्या आरंभी उत्तर प्रदेशात बांद्याला महिला समाख्येच्या दलित बायांनी हे काम हाती घेतलं आणि जुन्या मार्क टूचे पाईपसुद्धा खेचून दाखवले. म्हणजे कठीण यंत्रही बायांना अशक्य नव्हतं. प्रश्न आहे तो रोज अशी परीक्षा का द्यायची, हा.

या गोष्टीतला कडू भाग पुढेच आहे. मार्क थ्रीचा रुंद पाईप जड आणि महाग. खरेदी करणाऱ्या खात्याला मार्क टू स्वस्त पडत होता, त्यामुळे कितीतरी ठिकाणी तोच बसत राहिला. खरेदीच्या वेळी वाचलेला पैसा बायांनी पायांनी फेडला. दुरुस्तीची सोय ही निविदेत धरलीच जात नाही, कारण दुरुस्ती अडली की ज्याचं अडतं तो निविदा काढणारा नसतो.

हाच हिशोब मोटारीच्या चाकापाशी बसून करू. पंक्चर झाल्यावर चाक बदलणं ही बायांना न जमणारी गोष्ट म्हणून ठरून गेली आहे. चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटर जोराने आवळलेला असतो. गाडीबरोबर कंपनी जो पाना देते तो बहुधा वीतभराहून थोडा मोठा, २५ सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्या पान्याने नट सोडवायचा तर टोकाशी ४० किलोचा जोर लागतो. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने आवळलेला असेल किंवा गंजला असेल तर आणखी जास्त. पान्याला अर्धा मीटर लांबी मिळाली, की तोच जोर २० किलोवर येतो. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट २० किलोचा असतो आणि आमच्या बाया तो दिवसभर उचलतात. म्हणजे बाईच्या दंडात कमी नाही, पान्यात २५ सेंटिमीटर कमी आहेत! डिकीत दुमडून बसणारा लांब दांड्याचा पाना देता येतो, असे पाने बाजारात मिळतात. कंपनीला तो गाडीबरोबर द्यावासा वाटत नाही, कारण तिने मनात धरलेला माणूस पुरुष आहे. आणि बाई असलीच, तर ती कुणाला तरी फोन करेल. (तोवर पान्यावर गॅसपाईपचा तुकडा चढवा. नट सोडवताना पाईप चालतो, आवळताना मात्र पाईप लावून झटका देऊ नका.)

बाई गृहीत धरली की काय होतं, याचाही एक नमुना आहे. २००४ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात व्होल्वो कंपनीने स्त्रियांच्या पथकाने आखलेली एक नमुना-गाडी मांडली. पहिल्यांदाच सगळे निर्णय बायांचे, म्हणून कौतुक झालं. त्यात चांगल्या गोष्टी होत्या. उंचीप्रमाणे बसण्याची जागा जुळवून घेता यायची, दार उघडणं सोपं होतं. पण त्या गाडीला मालकिणीने उघडायचं बॉनेटच नव्हतं. पुढचा भाग उचलायचा तो वर्कशॉपमध्येच. देखभालीची वेळ झाली की गाडी स्वतःच वर्कशॉपला कळवणार. बायांना विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, की आम्हाला इंजिनात डोकं घालायचं नसतं. ती गाडी बाजारात आली नाही, पण तो विचार आला, आणि बायकांच्याच नव्हे तर सगळ्यांच्याच गाड्यांत आला. बाईच्या सोयीच्या नावाखाली जे दार बंद होतं ते आधी तिच्यासाठी होतं आणि मग सगळ्यांसाठी. ज्या बाईला आयुष्यभर इंजिनापासून हाकललं, तिला ‘इंजिन हवं का’ विचारायचं, आणि ती नको म्हणाली की ती तिची आवड म्हणून लिहून घ्यायचं, यातली चलाखी आपण ओळखायला हवी. स्वयंपाकघराबद्दल हेच होत आलं आहे.

बंद झाकणात पैसा आहे, हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा, की सुटे भाग आणि बिघाड ओळखायची उपकरणं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या गॅरेजवाल्याला दुरुस्ती करता येत नाही आणि गिऱ्हाईक कंपनीच्याच दारात अडकतं. मारुती, टाटा होत्या, आमच्या नाशिकला गाड्या बनवणारी महिंद्रही होती. पुढे अपिलं झाली, दंडावर वाद झाले. पण आयोगाने जे नोंदवलं त्याचा अर्थ आपल्या भाषेत असा, की गिऱ्हाइकाला कळू न देणं हा धंद्याचा भाग आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटारदुरुस्तीच्या माहितीचा कायदा आणला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती यंत्रं आणि मोटारी असे चार विभाग धरले.

या सगळ्या चर्चेत ग्राहक म्हणजे कोण? ‘तो’. शेतकरी म्हणजे कोण? ‘तो’. कर्जाखाली जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या मागे ट्रॅक्टर आणि त्याचा हप्ता जिच्या गळ्यात राहतो, ती या समित्यांच्या कागदात मला अजून सापडलेली नाही. बागेत औषध मारायचा ब्लोअर ऐन छाटणीनंतर बंद पडला तर मिस्त्री तिच्या बांधावर सगळ्यांत शेवटी येतो आणि सगळ्यांत जास्त घेतो. हे आमच्या एकल महिलांच्या बैठकीत इतक्यांदा आलं आहे, की आता कुणी त्याची तक्रार म्हणूनही नोंद करत नाही. गॅरेजवाल्याच्या हक्कासाठी मी भांडेन, त्याचं पोट त्यावर आहे. पण दुरुस्तीचा हक्क कंपनीकडून गॅरेजवाल्याकडे आला आणि तिथेच थांबला, तर या बाईच्या पदरात काय पडलं?

आता आपल्याच लोकांशी भांडते. राज्य सरकारने २०२४ मध्ये गुलाबी ई-रिक्षाची योजना जाहीर केली. २० टक्के सरकार देणार, १० टक्के बाई भरणार, ७० टक्के बँकेचं कर्ज. निवडलेल्या शहरांत नाशिकही आहे. आपल्या संघटनांनी अर्ज भरायला मदत केली, चालवण्याचं प्रशिक्षण, परवाना, सुरक्षितता यावर निवेदनं दिली. ठीकच केलं. पण रिक्षा बंद पडल्यावर काय, हा प्रश्न किती निवेदनांत होता? ७० टक्के कर्जाचा हप्ता गाडी बंद आहे म्हणून थांबत नाही. बॅटरीच्या गाडीत मोटर, कंट्रोलर आणि सीलबंद बॅटरी एवढाच मुख्य पसारा असतो. हलणारे भाग पेट्रोलच्या इंजिनाहून कितीतरी कमी, म्हणजे खरं तर ती बाईला सहज शिकता यावी अशी गाडी. तीच सीलबंद करून दिली की ती सगळ्यांत परकी होते. फ्यूज कुठला, कनेक्टर सैल झाला तर कसा ओळखायचा, ब्रेक कसा आवळायचा, आणि कुठल्या केशरी वायरीला कधीच हात लावायचा नाही, हे दोन दिवसांत शिकवता येतं. गाडीला गुलाबी रंग देण्याआधी हे ठरायला हवं होतं. आपण रंगावर टीका केली, थट्टाही केली, झाकणाबद्दल बोललो नाही.

निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव, १८४२ चं. त्यांच्या घरात रमाबाईंनी पुस्तक हाती धरलं तेव्हा घरातल्या बायांनीच टोमणे मारून छळलं होतं. त्या काळात पुस्तकाने बाई बिघडायची. आता आमच्या गटातल्या एका सुनेने पाना हाती धरला तर सासू म्हणते, पुरुषासारखी दिसतेस. सासूचा राग मी समजू शकते. कार्यकर्त्या जेव्हा ‘हा काही आपला मुद्दा नाही’ म्हणतात तेव्हा जास्त राग येतो.

आम्ही एक छोटा उद्योग सुरू केला आहे. महिन्यातून एका रविवारी ओळखीच्या एका मिस्त्रीभाऊंना बोलावतो आणि बायांनी आपापल्या स्कूटरी घेऊन यायचं. पहिल्या दिवशी भाऊ म्हणाले, ‘ताई, यांचे हात काळे होतील.’ त्यावर आमच्यातली एक आजी म्हणाली, ‘भाऊ, मोरचुदानं निळे झाले तवा कोणी आलं नव्हतं इचारायला.’ मग भाऊ शिकवायला लागले आणि छान शिकवलं. त्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. एकाच किमतीच्या, एकाच काळातल्या गाड्या, पण एकीत प्लगपाशी पोचायला एक छोटं झाकण, दुसरीत फायबरचे तुकडे उतरवावे लागतात आणि त्यांच्या खाचा पहिल्याच खेपेला तुटतात. एकीत फ्यूजची डबी सीटखाली चित्रासह, दुसरीत ती शोधायला भाऊंनाच वेळ लागला. म्हणजे सोपं करता येतं. ज्यांनी केलं नाही त्यांना करायचं नव्हतं, किंवा कुणी करायला लावलं नाही. त्या दिवसानंतर गटाच्या कर्जसमितीने स्वतःहून ठरवलं, की कुठली गाडी घ्यायची हे ठरवताना शोरूममध्ये सीट उघडून प्लग, फ्यूज आणि बॅटरी दाखवायला सांगायचं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा विक्रेता हसला, म्हणाला रंग बघा ना ताई. आमच्या दोघी न बोलता उठून दुसऱ्या दुकानात गेल्या.

हे तालुक्यापुरतं राहून चालणार नाही. सरकारी पैशातून किंवा सरकारी हमीच्या कर्जातून बाईला जे वाहन किंवा यंत्र मिळेल, त्याबरोबर मराठी चित्रमय पुस्तिका आणि पुऱ्या लांबीची हत्यारं मिळालीच पाहिजेत. योजनेच्या प्रशिक्षणात दोन दिवस दुरुस्तीला हवेत आणि ते शिकवायला शक्य तिथे बाईच हवी. बिघाडाचा अर्थ मालकिणीच्या मोबाइलवर तिच्या भाषेत यावा, ज्यासाठी सर्व्हिस सेंटरचा उंबरठा चढावा लागू नये. आणि महिला बालविकास खातं जेव्हा गाड्यांची निविदा काढेल तेव्हा रोजचे बिघाड किती हत्यारांत आणि किती वेळात दुरुस्त होतात, हे किमतीच्या रकान्याशेजारी लिहिलेलं असावं. मार्क टूच्या वेळी तो रकाना नव्हता.

या मागण्यांचा मसुदा आम्ही करतो आहोत. त्यासाठी मदत हवी आहे. आपापल्या गटात जेवढ्या गाड्या, ब्लोअर, पिठाच्या गिरण्या, शेवयांची यंत्रं असतील, त्यांचं नाव आणि साल लिहा. गेल्या वर्षभरात ती कशाने बंद पडली, किती दिवस बंद राहिली, तेवढ्यात किती मजुरी बुडाली, झाकण कुठल्या हत्याराने उघडतं आणि ते हत्यार गावात कुणाकडे आहे, एवढं एका कागदावर पुरे. कुणाच्या गाडीची टोपी, फ्यूज किंवा वायर घरातल्याच माणसाने काढून ठेवल्याची हकिगत असेल, तर नाव न घालता तीही लिहा. असे कागद मासिकाच्या पत्त्यावर द्राक्षाचा हंगाम सुरू होण्याआधी आले, तर पुढच्या अंकाआधी आम्ही ते घेऊन नाशिकला जाऊ.